एरियलपासून यंत्रापर्यंत

भुसावळाकडून नागपुराकडे जाणाऱ्या आगगाडींतून शेगांवास उतरणारा प्रवासी बहुधा श्रीगजाननमहाराजांच्या समाधीच्या दर्शनास आलेला असतो. स्थानकावरून मंदिराकडे जातांना त्यानें दुतर्फा असलेल्या गच्च्यांकडे सहज दृष्टि टाकली, तर त्याला पाण्याच्या टांक्या, दूरचित्रवाणीच्या थाळ्या आणि मधूनमधून भ्रमणध्वनीचे मनोरे दिसतील. अशाच एखाद्या गच्चीवर एखाद्या हौशी बिनतारी-चालकानें आपली एरियल उभारावयाचें ठरविलें, तर त्याच्यापुढें पहिला प्रश्न कोणता येईल? पुष्कळांना वाटेल कीं, यंत्र कोणतें घ्यावें हा. परंतु यंत्राच्या गुणदोषांची चर्चा करणारे दहा जण भेटतात. एरियलहि तांब्याच्या तारेची घरच्या घरीं करतां येते. या दोहोंस जोडणारी जी काळी दोरी भिंतीवरून खालीं येते, तिच्याविषयीं मात्र ‘दुकानदार देईल ती घ्यावी’ अशीच सर्वसाधारण वृत्ति असते. पुढें वर्ष-दोन वर्षांनीं ‘कोणाचें ऐकूं येत नाहीं, कोणास ऐकूं जात नाहीं’ अशी कुरकुर सुरू होते, तेव्हां तिचें मूळ पुष्कळदां या दोरींतच सांपडतें.

या हौसेची थोडी ओळख आधीं करून दिली पाहिजे. नभोवाणी ऐकणारे घरोघरीं असतात; हौशी बिनतारी-चालक ऐकतो आणि बोलतोहि. त्यासाठीं परीक्षा देऊन केंद्रशासनाचा परवाना मिळवावा लागतो, आणि मग ‘व्ही-यू’ या अक्षरांनीं सुरू होणारें एक संकेतनाम त्याच्या वांट्यास येतें. व्यापाराचें बोलणें तेथें वर्ज्य. हिंदुस्थानांत या परवान्याचा पहिला मान कलकत्त्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तु यांना १९२१ सालीं मिळाला. ‘व्ही-यू’ हीं अक्षरें १९२९ पासून आलीं. १९३९ सालीं महायुद्ध पेटतांच हौशी लोकांचीं प्रक्षेपक यंत्रें सरकारनें जमा करविलीं. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं महू येथें हौशी चालकांची अखिल भारतीय संस्था निघाली. मध्यंतरीं १९४२ च्या चळवळींत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत ‘काँग्रेस रेडिओ’ हें गुप्त केंद्र जागा बदलून बदलून चालविलें. तें कांहीं परवान्याचें काम नव्हतें. पण त्याची तरंगलांबी ४२.३४ मीटर होती, आणि आज हौशी चालक ज्याला ‘चाळीस मीटरांचा पट्टा’ म्हणतात त्यांतच ती बरोबर बसते, हें येथें नमूद करण्यासारखें आहे.

ही केवळ रिकाम्या वेळेची करमणूक नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटें किल्लारीचा भूकंप झाला, २६ डिसेंबर २००४ रोजीं अंदमानांत समुद्र चढून आला, अशा प्रसंगीं नेहमींचीं साधनें बंद पडलीं असतां हौशी चालकांनीं निरोप पोंचविले आहेत. त्या घटकेला कोणी बाजारांत जाऊन केबल आणीत नाहीं. जी भिंतीवर असेल तीच उपयोगाला येते. किंवा येत नाहीं.

केबल कापून तिचें तोंड पाहिलें तर चार थर दिसतात. मध्यभागीं तांब्याची तार. तिच्याभोवतीं पॉलिथीनचा पांढरा विसंवाहक थर. त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी. आणि सर्वांवर काळें कवच. मधली तार व जाळी यांचा अक्ष एकच असतो म्हणून हिला समाक्ष, म्हणजेच कोॲक्शियल, केबल म्हणतात. वीज तारेंतून जाते असें शाळेंत शिकवितात, तें खोटें नव्हे. पण एरियलकडे जाणारी लहर खरें पाहतां त्या पांढऱ्या थरांतून धांवते, आणि तार व जाळी या तिच्या दोन भिंती होत. बाहेरची भिंत अखंड असल्यामुळें लहर आंतून बाहेर सांडत नाहीं आणि बाहेरचा गोंगाट आंत शिरत नाहीं. म्हणूनच ही केबल लोखंडी नळाला बांधली, भिंतीला चिकटवली, तरी तिला त्याचें कांहीं वाटत नाहीं.

ही कल्पना तशी जुनी. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८० सालीं तिचें पेटंट घेतलें होतें. एका वेळीं शेंकडों दूरध्वनी वाहून नेणारी केबल एस्पेनशीड व ॲफेल या अमेरिकन अभियंत्यांनीं १९२९ सालीं योजिली. परंतु घरगुती उपयोगाची, वांकणारी केबल होण्यास पॉलिथीन सांपडावें लागलें. तें १९३३ सालीं इंग्लंडांतील एका रसायनशाळेंत भलताच प्रयोग चालू असतां हातीं लागलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत रडार यंत्रांच्या केबलींत त्याचा मोठा उपयोग झाला. त्यापूर्वींचे हौशी लोक दोन उघड्या तारा समांतर ताणून, त्यांच्यामध्यें मेणांत उकळलेल्या लांकडी काड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या बसवून काम चालवीत. ही शिडी अजून मेलेली नाहीं. खर्च नांवाचा आणि शक्तीची गळति जवळजवळ शून्य, असे तिचे गुण आहेत. मात्र पत्र्याच्या छपराजवळून, खिडकीच्या गजांतून ती नेतां येत नाहीं, आणि यंत्राशीं जुळवून घेण्यास मध्यें आणखी एक साधन लागतें. ज्याच्या घराभोंवतीं मोकळें अंगण आहे त्यानें तिचा विचार अवश्य करावा. दाट वस्तींतल्या गच्चीला समाक्ष केबलच बरी.

केबलीवर ‘५० ओहम’ किंवा ‘७५ ओहम’ असें छापलेलें असतें. साधा ओहममापक लावून हा आंकडा सांपडावयाचा नाहीं. केबलींतून लहर चालली असतां तिचा दाब आणि तिचा प्रवाह यांचें जें प्रमाण राहतें तें हें होय. त्याला इम्पीडन्स म्हणतात. तें केबलीच्या लांबीवर अवलंबून नसतें. आंतल्या तारेची जाडी, बाहेरच्या जाळीचा व्यास आणि मधला पदार्थ या तिहींनीं तें ठरतें. मध्यें नुसती हवा असलेल्या केबलींत सर्वांत कमी गळति ७७ ओहमांच्या आसपास होते आणि सर्वांत अधिक शक्ति ३० ओहमांच्या आसपास पेलते. ५० हा दोहोंमधला समेट आहे. प्रक्षेपक यंत्रें ५० ओहमांचीं असतात, दूरचित्रवाणीचें जग ७५ ओहमांवर चालतें. दोन्ही केबली दिसावयास भावंडें. दुकानांत त्यांची अदलाबदल होण्यास वेळ लागत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. विहिरीवरून मळ्याकडे पाट काढला तर सगळें पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोंचत नाहीं. कांहीं जमीन पिते. केबलीचें असेंच आहे. यंत्रानें शंभर वॅट सोडले म्हणजे एरियलला शंभर पोंचले असें नव्हे. ही गळति डेसिबल या मापानें सांगतात. ३ डेसिबल गळति म्हणजे निम्मी शक्ति गेली, १० डेसिबल म्हणजे दहांतली नऊ हिस्से गेली, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे. गळति दोन गोष्टींबरोबर वाढते: केबलीच्या लांबीबरोबर आणि कंपनसंख्येबरोबर. लांबीचें सहज कळतें. कंपनसंख्येचें कारण असें कीं, वेगवान लहरीचा प्रवाह तांब्याच्या आंत खोल शिरत नाहीं, पृष्ठभागावरूनच सरकतो. ७ मेगाहर्ट्झला तो मिलिमीटराच्या चाळिसाव्या भागाइतक्या थरांत असतो, १४५ मेगाहर्ट्झला जवळजवळ दोनशेंाव्या भागांत. वाट जितकी अरुंद तितका रोध अधिक. कंपनसंख्या चौपट झाली कीं गळति साधारण दुप्पट होते.

शेगांवांतल्या एका दुमजली घराचें उदाहरण घ्यावें. गच्चीवर खांब, खांबाच्या शेंड्यापासून खोलींतल्या यंत्रापर्यंत केबल ३० मीटर. बाजारांत मुख्यतः दोन जातींच्या केबली ५० ओहमांत मिळतात: आर-जी ५८, ही सुमारें ५ मिलिमीटर जाड आणि स्वस्त; आणि आर-जी २१३, ही १० मिलिमीटर जाड, वजनदार व महाग. चाळीस मीटरांच्या पट्ट्यांत, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, यंत्रानें १०० वॅट दिले तर पहिलींतून एरियलला सुमारें ७६ वॅट पोंचतात, दुसरींतून ८९. हे आंकडे नव्या, कोरड्या केबलीचे व अंदाजी आहेत. पण त्यांतला फरक किती अल्प आहे तें पाहावें. दूर कलकत्त्यास बसलेल्या श्रोत्याच्या कानास तो फरक कळावयाचाच नाहीं. ऐकण्याच्या बाजूनें तर तो आणखी क्षुल्लक ठरतो, कारण या पट्ट्यांत वातावरणाचा खरखराट एरियलमधूनच येतो. केबलींत निरोप आणि खरखराट दोन्ही सारख्याच प्रमाणांत कमी होतात, आणि ऐकूं येण्याचें मान जसेंच्या तसें राहतें. तेव्हां ज्याला केवळ ७ मेगाहर्ट्झवर काम करावयाचें आहे, त्यानें जाड केबलीचे पैसे वांचवून त्यांत एरियलची तार चार हात उंच नेण्याची सोय करावी. जाड केबल म्हणजे प्रतिष्ठा, ही समजूत हौशी मंडळींत फार आहे. ती महागांत पडते.

मात्र तीच केबल १४५ मेगाहर्ट्झला लावली, कीं सगळें चित्र पालटतें. तेथें ३० मीटर आर-जी ५८ मधून शंभरांपैकीं अवघे २८ वॅट वर पोंचतात. बाकीचे ७२ वॅट केबलीला कोंबट करण्यांत खर्च होतात. आर-जी २१३ मधून ५५ पोंचतात, आणि फेंसाळ विसंवाहकाच्या एल-एम-आर ४०० या त्याच जाडीच्या केबलींतून सुमारें ७०. ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत तर बारीक केबल तीस मीटर टाकणें म्हणजे गोणपाटांतून पाणी आणणें होय. शिवाय या उंच पट्ट्यांत वातावरणाचा गोंगाट थोडा असतो, त्यामुळें केबलींत गमावलेला निरोप हा खरोखरच गमावलेला असतो. आंतरराष्ट्रीय अवकाश-स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झला येणारा आवाज हातांतल्या लहान यंत्राच्या दांडीवर ऐकूं यावा, आणि गच्चीवरच्या मोठ्या एरियलवर तो क्षीण व्हावा, असें घडलें तर त्यांत नवल मानूं नये.

येथें एक फसवणूक आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. एरियल यंत्राशीं जुळली आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चालक मंडळी परावर्तित लहरीचें मापक लावतात. वर गेलेल्या लहरीपैकीं कांहीं भाग एरियलवर आपटून परत आला, कीं मापकाचा आंकडा वाढतो. १ म्हणजे उत्तम, २ पर्यंत चालण्याजोगें, ३ म्हणजे कांहींतरी बिघडलें, असा व्यवहार आहे. आतां वरच्या उदाहरणांतल्या बारीक केबलीचें गच्चीवरचें टोंक एरियलपासून सोडून तसेंच उघडें ठेवावें. वर एरियल नाहींच! सारीच्या सारी लहर परत फिरली पाहिजे आणि मापकानें हाहाकार केला पाहिजे. पण होतें काय? वर जातांना लहरीचे २८ हिस्से उरले; ते परत येतांना पुन्हां त्याच गळक्या वाटेनें आले, म्हणजे खालीं अवघे आठ हिस्से पोंचले. मापक दाखवितें सुमारें १.८. चालक समाधानानें म्हणतो, ‘एरियल झकास जुळली आहे!’ केबल जितकी वाईट तितकें मापक अधिक गोड बोलतें. पावसाळ्यांत केबलींत पाणी शिरल्यावर मापकाचा आंकडा सुधारला म्हणून आनंद मानणारे लोक असतात, आणि त्यांच्याच तक्रारी पुढें सर्वांत मोठ्या असतात.

‘मग केबल आंखूडच ठेवावी,’ असें कोणी म्हणेल. ४० मीटरांच्या पट्ट्यापुरतें तें ठीक; १४५ ला तसें करणें शेगांवासारख्या ठिकाणीं परवडत नाहीं. हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस बुलढाण्याकडे चढणारा घाट, आणि मध्यें कपाशीचीं शेतें. या लहरी जवळजवळ दृष्टीसारख्या सरळ जातात. खांब ८ मीटरांवरून १६ मीटरांवर नेला, तर अशा सपाटीवर दूरच्या ठिकाणीं पोंचणाऱ्या निरोपांत सुमारें ६ डेसिबलपर्यंत वाढ होऊं शकते, म्हणजे शक्ति चौपट केल्यासारखें. वाढलेल्या आठ मीटर केबलीची किंमत आर-जी २१३ मध्यें पाऊण डेसिबलहि पडत नाहीं. आठ आणे देऊन पांच रुपये मिळतात, असा हा व्यवहार आहे. बारीक केबलींत तोच लाभ पुष्कळसा वाटेंतच खाल्ला जातो, कारण खालच्या बावीस-तेवीस मीटरांची मूळ गळति तशीच राहून वर आणखी दीड डेसिबलाची भर पडते. तेव्हां क्रम असा असावा: आधीं उंची ठरवावी, मग लांबी मोजावी, आणि शेवटीं केबल निवडावी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो. आधीं केबलीचें वेटोळें येतें, आणि तें जेथवर पुरेल तेथें खांब उभा राहतो.

दूरचित्रवाणीच्या थाळीस लावतात ती आर-जी ६ केबल या कामीं चालेल काय, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात, कारण ती कोणत्याहि तालुक्याच्या बाजारांत हाताशीं मिळते. जाणते लोक ‘७५ ओहम’ हा शब्द ऐकतांच कानांवर हात ठेवतात. ही भीति अवाजवी आहे. ५० आणि ७५ यांच्या सांध्यावर शंभरांतले चारच हिस्से परततात. उलट १४५ मेगाहर्ट्झला या केबलीची गळति महागड्या आर-जी २१३ इतकीच असते. म्हणजे आर-जी ५८ पेक्षां ती कितीतरी बरी. यंत्राला मात्र केबलीच्या लांबीप्रमाणें ५० पासून ११२ ओहमांपर्यंत कोणताहि आंकडा दिसूं शकतो. त्यावर उपाय असा कीं, केबलीची लांबी तींतल्या अर्ध्या लहरीच्या पटींत कापावी. मग वरचे ५० ओहम खालीं ५०च दिसतात. केबलींत लहर मोकळ्या हवेपेक्षां सावकाश चालते, आर-जी ६ मध्यें सुमारें शंभरास ब्याऐंशी या प्रमाणांत. म्हणून १४५ मेगाहर्ट्झची अर्धी लहर तेथें १०३ सेंटिमीटर न भरतां सुमारें ८५ भरते. खरी अडचण निराळीच आहे. हिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिला कथलाची झाळ धरत नाहीं. जोडणी दाबून बसवावी लागते. आंतली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. उंच पट्ट्यांत प्रवाह मुलाम्यांतूनच जात असल्यामुळें त्यानें बिघडत नाहीं, परंतु ३.५ मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यांत मुलामा पातळ असेल तर प्रवाह पोलादांत उतरतो आणि गळति वाढते. ऐकण्यासाठीं व बेताच्या शक्तीसाठीं ही केबल गरिबाचा आधार आहे. जाणकारांनीं नाक मुरडूं नये.

येथवर झाली ती नव्या केबलीची कथा. पण शेगांवची केबल शेगांवच्या उन्हांत राहणार. शेजारच्या अकोल्यास वैशाख-ज्येष्ठांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीवर लोळणारी काळी केबल हवेपेक्षां पुष्कळ अधिक तापते. पॉलिथीन मेणासारखें हळूहळू मऊ होतें. केबल एखाद्या कठड्यावरून घट्ट मोडून खालीं सोडली असेल, तर तिच्या वजनाच्या ताणानें मधली तार मऊ झालेल्या थरांतून सरकत सरकत एका बाजूस जाते. फेंसाळ विसंवाहकाच्या केबलींत हें लवकर होतें, आणि कधीं ती जाळीस टेंकतेहि. म्हणून वांकण केबलीच्या जाडीच्या निदान दसपट त्रिज्येचें असावें, भार केबलीनें न पेलतां आधाराच्या दोरीनें पेलावा, आणि केबल फरशीपासून चार बोटें वर, शक्य तर भिंतीच्या सांवलींतून न्यावी. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या छपरावर ती पुरून टाकण्याचा मोह होतो; तो आवरावा.

कवचाकडे कोणी पाहत नाहीं, आणि आयुष्य तर कवचावरच असतें. हलक्या प्रतीच्या कवचांत तें मऊ राहावें म्हणून घातलेला तेलकट पदार्थ उन्हाळ्यागणिक आंत झिरपतो आणि पांढऱ्या विसंवाहकाला नासवतो. केबल बाहेरून धड दिसते, आंतून म्हातारी झालेली असते. आर-जी २१३ चें खरें वैशिष्ट्य तिच्या जाडीपेक्षां या न झिरपणाऱ्या कवचांत आहे. पण हें नांव कोणीहि छापूं शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो कीं आणखी कोठें, विकत घेण्यापूर्वीं दुकानदारास टोंक सोलून दाखवावयास सांगावें. जाळी दाट आहे कीं मधून पांढरें दिसतें, आंतली तार खरवडल्यावर तांबडीच राहते कीं पांढरी पडते, आणि ती विसंवाहकाच्या बरोबर मध्यावर आहे काय, एवढें पाहावयास चष्मा पुरतो. जो दुकानदार टोंक सोलूं देत नाहीं त्याच्याकडून दोरी घ्यावी, केबल घेऊं नये.

विरळ जाळीचा तोटा शेगांवांत दुहेरी आहे. लोहमार्गावर २५ हजार व्होल्टांची विद्युत्-वाहिनी आहे. इंजिनाचा वरचा हात तारेवर घासतांना ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा प्रक्षेपकच असतो. घरांतल्या विजेच्या दिव्यांचे स्वस्त पुरवठेहि असाच गोंगाट करतात. जाळीच्या भोंकांतून तो थोडा शिरतो. परंतु जाळीच्या बाहेरच्या पृष्ठावरून चालत जाऊन एरियलच्या मुखाशीं आंत वळणारा गोंगाट त्याहून अधिक असतो. त्याला आडवावयास फार कांहीं लागत नाहीं. एरियलच्या जोडणीपाशीं केबलीचेच आठ-दहा वेढ्यांचें हातभर रुंद वेटोळें घालून बांधावें, किंवा फेराइटचीं कडीं केबलीवर ओंवावीं.

पाऊस हा उन्हापेक्षां अधिक कावेबाज शत्रु आहे. पाणी कवचांतून शिरत नाहीं. तें शिरतें वरच्या जोडणींतून, आणि मग दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें जाळीच्या तारांतून मीटर-मीटर पसरतें. तांबें काळें पडतें. पी-एल २५९ ही जी सर्वत्र दिसणारी जोडणी, ती जलाभेद्य नाहीं. एन जातीची आहे. कोणतीहि असली तरी तिच्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि त्या पट्टीवर साधी काळी पट्टी खालून वर अशी चढवावी, म्हणजे छपराच्या कौलांप्रमाणें पाणी ओघळून जातें. केबल भिंतींत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोळ द्यावा. पाणी झोळाच्या तळाशीं ठिबकून जातें, घरांत येत नाहीं. अंगणांतून केबल पुरून न्यावयाची असेल तर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा स्वभाव ओळखावा. उन्हाळ्यांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यांत ती फुगते; नुसती पुरलेली केबल या ओढाताणींत पिळून निघते. ती नळींतून न्यावी, नळीला उतार ठेवावा, आणि नळीचीं तोंडें बुजवावीं, नाहींतर उंदरांना आयतें बीळ व दांत घासावयास आयतें कवच मिळतें. हीच काळी जमीन ओली असतां भूमि-जोडणीस मात्र उत्तम. घरांत शिरतांना जाळी जाड तांब्याच्या पट्टीनें जमिनींत गाडलेल्या कांबीस जोडावी. आणि मृगाच्या आधींचे वळीव गडगडूं लागले कीं केबल यंत्रापासून सोडून ठेवावी. वीज कोसळलीच तर त्या पट्टीनें यंत्र वांचेल अशी खात्री कोणी देऊं नये. पण केबल सोडलेली असेल तर निदान यंत्रापर्यंत येण्याची तिची सरळ वाट तुटलेली असते.

केबल अजून धड आहे कीं नाहीं हें वर न चढतां कळावें, यासाठीं मघांच्या त्या फसव्या मापकाचाच उपयोग करून घेतां येतो. मात्र हें काम पूर्ण शक्तीच्या प्रक्षेपकानें करूं नये, त्यास इजा होते. हल्लीं तळहातावर मावणारीं एरियल-परीक्षक यंत्रें मिळतात, तीं वापरावीं. केबल नवी असतांनाच वरचें टोंक मोकळें ठेवून १४५ मेगाहर्ट्झला आंकडा घ्यावा आणि भिंतीवर पेन्सिलीनें तारखेसह लिहून ठेवावा. चांगल्या आर-जी २१३ चे तीस मीटर असतील तर तो साडेतीनच्या सुमारास येईल. दरवर्षीं दसऱ्याच्या सुमारास, पाऊस संपून जमीन वाळूं लागली म्हणजे, हाच प्रयोग पुन्हां करावा. आंकडा तितकाच असेल तर केबल कोरडी आहे. तो उतरून दोनवर आला असेल, तर एका बाजूची गळति अडीच डेसिबलांवरून पावणेपांचांच्या घरांत गेलेली आहे, आणि एरियलला शंभरांपैकीं तिसरा हिस्साच पोंचत आहे. मग वरच्या टोंकाची जोडणी कापावी आणि वीतभर कवच सोलून जाळी पाहावी. ती तांबूस दिसेपर्यंत वीत-वीत कापीत यावें. दोन मीटरांत तांबडें तांबें लागलें तर नवी जोडणी बसवून केबल वांचते. पांच मीटर कापूनहि जाळी काळीच राहिली, तर ती केबल कपडे वाळत घालण्याच्या कामास द्यावी आणि नवी आणावी.